नऊ नंबरचा मीटर

१

आमच्या कामात एकच नियम आहे. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

पाणी तपासणारे मीटर दोन तारांच्या एकाच केबलवर ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकाला एक नंबर. लॅपटॉपने विचारायचं, "तीन नंबर, पाणी किती गढूळ?" की तीन नंबरने उत्तर द्यायचं आणि बाकीच्यांनी तोंड शिवून बसायचं. दोघं एकदम बोलले की कोणाचंच धड ऐकू येत नाही. एकवीस वर्षं मी हेच करतोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की हा नियम घरोघरी लावला पाहिजे.

सगळ्यात आधी माझ्या धाकट्या भावाला. तो माझ्याबरोबरच काम करतो. मी लॅपटॉपवर, तो केबलवर. सगळ्या साइटवर त्याला 'रेडिओ' म्हणतात. उचलली जीभ लावली टाळ्याला. स्क्रू पिळताना बोलतो, शिडी चढताना बोलतो, दातात टेप धरून टेपच्या कडेने बोलतो. मी चिडतो, तो हसतो, पुन्हा बोलतो.

त्या दिवशी पाणी शुद्धीकरण केंद्रात आठ नवे मीटर बसवून झाले होते. आठ चेंबर, आठ मीटर. त्यासाठी शहराचं पाणी तीन दिवस बंद होतं आणि दुपारी चारला सोडायचं होतं. चेंबर कोरडे होते, म्हणून मीटरच्या कांड्या तपासणीच्या द्रावणाच्या बाटल्यांत बुडवून ठेवल्या होत्या. मी कंट्रोल रूममध्ये बसून एकेकाला विचारत होतो. एक नंबर, उत्तर. दोन नंबर, उत्तर. आठही जण शहाण्या मुलांसारखे बोलले.

इथे थांबायला हवं होतं. पण मला एक खोड आहे. आठ मीटर असले तरी मी सोळापर्यंत विचारतो. कोणी जुना मीटर कुठे विसरलेला असेल, कोणाचा नंबर चुकलेला असेल, आत्ताच कळलेलं बरं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

नऊ नंबरने उत्तर दिलं.

२

पहिल्यांदा मला फक्त राग आला. चारला पाणी सोडायचंय आणि हे काय नवीन?

मी पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर. तापमान एकोणीस पॉइंट दोन, बाकी सगळे रकाने शून्य. बाटल्यांतल्या मीटरांचं तापमान चोवीस होतं. म्हणजे आठातलाच एखादा दोन नंबरांनी बोलतोय, असंही नाही.

आणखी एक होतं. मीटर उत्तर द्यायला थोडा वेळ घेतात, आणि दर वेळी तो वेळ कमीजास्त होतो. कधी चाळीस मिलिसेकंद, कधी पंचावन्न. नऊ नंबरचा वेळ मी वीस वेळा पाहिला. वीसही वेळा बरोबर एकेचाळीस. मनात पाल चुकचुकली, पण पालीच्या चुकचुकण्यावर कामं होत नसतात.

"दादा, भूत असेल," धाकटा म्हणाला. तो टेबलावर बसून पाय हलवत होता. "मागच्या माणसाचं. बिचाऱ्याचं बिल घ्यायचं राहिलं असेल."

"उतर खाली. एकेक मीटर सोडवायला लाग. कुठे घोडं पेंड खातंय ते कळेल."

"जातो रे. तुझा चेहरा बघ, दोन महिने पोट साफ नाही असा दिसतोयस. चिमणीने बघितला तर रडेल." चिमणी म्हणजे त्याची मुलगी, पाच वर्षांची. तीही बापासारखीच, अखंड चालू.

तो गेला. फोन स्पीकरवर ठेवून मी विचारत राहिलो, सेकंदाला एकदा. त्याने एक नंबरची तार काढली. एक नंबर गप्प, नऊ चालू. दोन नंबरची काढली, तिसऱ्याची काढली. फोनवर त्याची टकळी अखंड चालूच होती. चौथ्या चेंबरचं झाकण जड आहे, पाचव्यात पालीने अंडी घातलीत, बायकोने रविवारी माहेरी जायचं काढलंय, तू येशील का गाडी चालवायला. आठवा सोडवला तेव्हा आठही मीटर केबलवरून सुटले होते. लॅपटॉपपासून आठव्या चेंबरपर्यंत नुसती रिकामी केबल.

नऊ नंबर उत्तर देत होता. एकोणीस पॉइंट दोन.

३

"दादा, गंमत बघ," फोनवर धाकटा म्हणाला. "केबल इथे संपायला पाहिजे ना? संपत नाहीये. आठव्या मीटरच्या डबीतून खाली आणखी एक केबल गेलीय. आपण टाकलेली नाही ही. जुनाट काळी आहे. चेंबरच्या तळाकडे जातेय."

केंद्राच्या मॅडम तेवढ्यात आल्या होत्या. मी त्यांना विचारलं. त्यांनी नकाशा उघडला, चष्मा वर केला, खाली केला.

"आठच्या पुढे काही नाहीच हो. आठनंतर पाणी थेट शहराला जातं. पलीकडे नुसती माती."

"मग ही केबल कुठे जाते?"

"ते तुम्ही सांगायचं, मला काय विचारता?" त्या म्हणाल्या आणि कोणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर गेल्या. सकाळपासून त्यांना शहरातून शंभर फोन आले होते.

चेंबरमध्ये माणूस उतरला की वर एक माणूस उभा ठेवायचा असतो. हे मी नवीन मुलांना ओरडून ओरडून शिकवतो. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो, चेंबर जेमतेम बारा फूट खोल, कोरडा, हवा सकाळीच तपासलेली. मी खुर्चीतून उठलो नाही. म्हणालो, "उतर, बघ कुठे जाते, आणि काप."

शिडीवर त्याच्या बुटांचा आवाज आला. त्याचा आवाज घुमायला लागला.

"भिंतीत जातेय दादा. भोक आहे, पंजाएवढं. आत काळोख. अरे, आणि ऐक ना, भिंत कोमट आहे."

मी पडद्याकडे पाहिलं. नऊ नंबर, चोवीस पॉइंट सहा.

"हात काढ तिथून."

"अरे, नुसता टेकलाय. मजा आहे, थंडीत इथे येऊन झोपायला हरकत..."

एकोणतीस. तेहतीस पॉइंट एक. मी सेकंदाला एकदा विचारत होतो आणि दर सेकंदाला उत्तर येत होतं, एकेचाळीस मिलिसेकंदांनी. छत्तीस. छत्तीस पॉइंट आठ. तिथे आकडा थांबला.

फोनवर काहीच नव्हतं. खरखर नाही, श्वास नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावाला वाक्य अर्ध्यात सोडताना ऐकलं.

"अरे, ए! काय झालं?"

"काही नाही."

"बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"केबल कापलीस?"

"कापली."

पडद्यावर नऊ नंबरच्या जागी लाल अक्षरं आली. उत्तर नाही. मी खुर्चीत मागे टेकलो आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की माझं मलाच हसू आलं. दोष सापडला, काढला, संपलं.

४

आठही मीटर पुन्हा जोडत तो परत आला. आठही जण बोलायला लागले. तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

मी चहा ओतला. म्हटलं आता सुरू होईल. काळी केबल कशी होती, भिंत कशी होती, आपण कसे शूरवीर. त्याने चहा घेतला आणि प्यायला.

"गप्प का रे?"

"असाच."

"डोकं दुखतंय?"

"नाही."

"खाली हवा बरी होती ना? गरगरलं का?"

"हवा बरी होती. गरगरलं नाही."

घाबरला असेल, म्हटलं. बडबडी माणसं घाबरली की गप्प होतात. मी विचारायचं सोडून कागद आवरायला घेतले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तो माझ्यासमोर उभा होता. फोन काढला नाही, खिडकीबाहेर पाहिलं नाही, डोकंसुद्धा खाजवलं नाही. नुसता माझ्याकडे बघत होता. चेहरा तोच, हनुवटीवरचा लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याचा व्रण तोच.

मग मी एक वेडेपणा केला. लागोपाठ विचारत सुटलो. चिमणीचा वाढदिवस? बरोबर सांगितला. आपली पहिली साइट? सांगितली. मी तुझी सायकल मोडली होती ती कुठे लपवली? सांगितलं, आणि ते आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नाही. एकही उत्तर चुकलं नाही.

पण प्रत्येक प्रश्नानंतर तो तेवढाच थांबत होता. सोप्या प्रश्नाला जेवढं, तेवढंच अवघड प्रश्नाला. एकवीस वर्षं उत्तरांची वाट बघत बसलेल्या माणसाला हे कानाने कळतं. दादा, तुला वेड लागलंय का, असं त्याने एकदा जरी म्हटलं असतं ना, तर मी त्याला मिठी मारली असती.

५

साडेतीनला मी लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम बंद केला. म्हणजे आता विचारणारं कोणी नव्हतं. लॅपटॉप आणि केबलच्या मध्ये एक काड्यापेटीएवढा डबा असतो. त्यावर दोन दिवे. एक आपण विचारलं की लागतो, दुसरा उत्तर आलं की.

दुसरा दिवा लुकलुकत होता.

उघडी तार हवेतून काहीबाही पकडते, पंपांच्या मोटारींचा गोंगाट पकडते. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. मग आठवलं की तीन दिवस एकही मोटार चालू नाही. जे येतंय ते जसंच्या तसं दाखवणारी खिडकी मी उघडली. अक्षरांचा नुसता लोंढा. सुरुवात नाही, शेवट नाही, नंबर नाही. कोणताही मीटर असा बोलत नाही. मीटर बोलतो, थांबतो. हे श्वास न घेता चाललं होतं, विचारलेलं नसताना, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू इथेच थांब," मी धाकट्याला म्हणालो.

"थांबतो."

टॉर्च घेऊन मी जवळजवळ पळत आठव्या चेंबरला गेलो. उतरलो. तळाशी ओल होती, बारा फुटांवर आभाळाचा चौकोन. काळी केबल सापडली. कापलेली नव्हती. एक ओरखडाही नव्हता. ती सरळ भिंतीतल्या भोकात गेली होती, आणि भोक त्याने सांगितलं तसंच, पंजाएवढं. मांजरसुद्धा अडकेल.

मी टॉर्च आत धरला. हातभर उजेड गेला, पुढे नाही. केबलवर हात ठेवला.

केबलने दोन हिसके दिले.

पाइपातून केबल ओढताना एक माणूस या टोकाला असतो, एक त्या टोकाला. ओरडून ऐकू जात नाही, म्हणून खुणा ठरलेल्या असतात. आमच्या दोघांच्या खुणा मीच ठरवल्या होत्या, तो पहिल्यांदा कामावर आला तेव्हा. तीन हिसके म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ.

दोन हिसके. जरा थांबून पुन्हा दोन. मग थांबणं संपलं. दोन, दोन, दोन, दोन. केबल माझ्या मुठीत उड्या मारत होती.

मी ओढली नाही.

खोटं कशाला बोलू? ओढायला मूठ आवळली होती. पण त्या पंजाएवढ्या भोकातून काय बाहेर येईल, ते मनात आलं आणि माझी पाचावर धारण बसली. आणि माझा भाऊ तर वर होता, धडधाकट, चहा पिऊन बसलेला. मी मूठ सोडली.

"अहो, चार वाजत आले!" वरून मॅडमचा आवाज आला. "सही करताय ना?"

मी वर पाहिलं. चौकोनात मॅडमचं डोकं होतं आणि त्यांच्या शेजारी धाकट्याचं. मी त्याला खोलीत थांबायला सांगितलं होतं. "मी बोलावलं त्याला," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, येतोस का, तर आला."

६

मॅडमनी फॉर्म पुढे केला. आठ मीटर, आठ चांगले आकडे. खाली माझ्या सहीची जागा.

"एक मिनिट थांबा," मी म्हणालो. "आठमध्ये अजून... मला एकदा भिंत फोडून बघायचीय."

"भिंत? आज? अहो, लोक बादल्या घेऊन रांगेत उभे आहेत. हॉस्पिटलमधून दोनदा फोन आला. आकडे चुकीचे आहेत का?"

"आकडे बरोबर आहेत."

"चेंबरमध्ये कोणी माणूस आहे का?"

मी धाकट्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, प्रश्नाची वाट बघत. एकच प्रश्न विचारायचा होता. तो माझ्या जिभेवर आला, दातांपर्यंत आला. आणि मला कळलं की मी विचारलं तर हा खरं तेच सांगेल. याला खोटं बोलायचं कारणच नाही.

मग 'केबल कापली' म्हणाला ते? ते मी नंतर कितीदा आठवलं. काहीतरी कापलं होतं, एवढं खरं.

"कोणी माणूस नाही," मी मॅडमना म्हणालो, आणि सही केली.

चारला पाणी सोडलं. पहिल्या चेंबरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, जमिनीखालून घरंगळल्यासारखा आवाज येत होता. मी कंट्रोल रूममध्ये त्या छोट्या दिव्यासमोर बसलो होतो. पाणी पाचव्यात आलं तेव्हा तो भराभर लुकलुकत होता. सातव्यात आलं तेव्हा सारखा लागूनच राहिला. खिडकीतली अक्षरं एवढ्या वेगाने वर जात होती की नुसता पांढरा पट्टा दिसत होता. मी दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवलं होतं. पाणी आठव्यात आलं. दिवा आणखी चार मिनिटं लागलेला होता.

मग विझला.

आठही मीटरांचे आकडे हिरवे होते. मॅडमनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

७

घरी सुरुवातीला सगळे खूशच होते. आई म्हणाली, "बरं झालं बाई, शहाणा झाला एकदाचा. डोकं उठवायचा नुसता." त्याची बायको म्हणाली, "आता ऐकतात तरी माझं." चिमणीला तर खजिनाच मिळाला. ती दिवसभर विचारते, तो दिवसभर उत्तरं देतो. कंटाळत नाही, रागावत नाही.

दहाव्या दिवशी आई माझ्याजवळ येऊन बसली. हातातला टॉवेल घडी करत होती, मोडत होती, पुन्हा घडी करत होती.

"हा आपणहून मला आई म्हणून हाक मारत नाही रे," ती म्हणाली. "मी बोलावलं की ओ देतो. नाहीतर नुसता बसून असतो. तिकडे कामावर काय झालं? मला सांगत नाही कोणी. तू विचार ना त्याला. तुझं ऐकतो तो. तू विचारलंस तर सांगेल."

"सांगेल गं," मी म्हणालो. "विचारतो."

विचारलं नाही. जेवताना तो समोर बसतो, मी ताटात बघतो. कामावर त्याला "हे धर", "ते काढ" एवढंच सांगतो. प्रश्नचिन्ह येईल असं वाक्य मी त्याच्यासमोर बोलत नाही. मला वाटलं होतं की असं आयुष्यभर जमेल.

रविवारी दुपारी मी पुढच्या खोलीत आडवा झालो होतो. आतल्या खोलीत चिमणी आणि तो लपाछपी खेळत होते. चिमणीने शंभरपर्यंत आकडे म्हटले, मधले गाळत गाळत. दारामागे बघितलं, कपाटात बघितलं. तो मला दिसत होता. खिडकीच्या पडद्यामागे उभा होता, पडद्याखालून त्याची पावलं दिसत होती. ती तिला दिसली नाहीत. शेवटी ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि रडवेल्या आवाजात ओरडली, "बाबा, सांग ना! कुठे आहेस तू?"

मी उठेपर्यंत उशीर झाला होता. पडदा तेवढाच थांबला, जेवढा नेहमी थांबतो.

"खालीच आहे अजून," माझ्या भावाचा आवाज म्हणाला. "दादाने ओढलं नाही."

चिमणी खुदकन हसली आणि गुडघे टेकून पलंगाखाली बघायला लागली.